पाडण्याआधी वाचा

सरकारी कार्यालयांत चालू असलेली संगणक-प्रणाली काढून तिच्या जागी नवी आणण्याचे प्रस्ताव गेल्या काही वर्षांत माझ्या टेबलावरून बरेच गेले. त्यांची भाषा जवळजवळ एकच असते. जुनी प्रणाली कालबाह्य झाली आहे, तिचे तंत्रज्ञान आता कोणी वापरत नाही, पुरवठादाराने देखभाल बंद केली आहे, सबब इतक्या कोटींची नवी प्रणाली घेण्यास मंजुरी मिळावी. एक परिच्छेद मात्र यांपैकी एकाही प्रस्तावात कोणी आपणहून लिहिलेला मला आढळला नाही. जुनी प्रणाली नेमके काय करते, तिची अंतर्गत रचना कशी आहे आणि ती आम्ही कशी शोधून काढली, हा तो परिच्छेद.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. जी प्रणाली वीस-पंचवीस वर्षे लोकांचे व्याज, निवृत्तिवेतन, जमिनीचे उतारे आणि आरक्षणे सांभाळत आली, ती न वाचता फेकून देणे हा प्रशासकीय हलगर्जीपणा आहे. अभिलेख न तपासता जाळून टाकण्याला आपण जे नाव देतो, तेच नाव याला दिले पाहिजे. नवी निविदा काढण्यापूर्वी जुन्या प्रणालीची रचना उलगडून लिहून काढणे वित्तीय नियमांनीच बंधनकारक करावे.

या कामाला संगणकशास्त्रात रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात, आपण उलट अभियांत्रिकी म्हणू. हा शब्द ऐकला की पुष्कळांच्या मनात चोरीचा, नकलेचा विचार येतो. तो गैरसमज आहे. १९९० साली चिकोफ्स्की आणि क्रॉस या दोघांनी 'आयईईई सॉफ्टवेअर' या नियतकालिकात या क्षेत्रातील संज्ञांची जी मांडणी केली, तिच्यात अर्थ अगदी साधा आहे. अस्तित्वात असलेल्या प्रणालीचे घटक कोणते, त्यांचे परस्परसंबंध कोणते, हे तपासून ओळखायचे आणि ते अधिक वरच्या पातळीवरील वर्णनात मांडायचे. प्रणालीत काहीही बदल करायचा नाही, तिची नक्कलही करायची नाही. जुन्या वाड्याची मापे घेऊन नकाशा काढावा, तसे हे काम आहे. भिंत पाडायची की ठेवायची, हा निर्णय नकाशा हाती आल्यावर.

मराठी वाचकाला याची कल्पना यायला हरकत नसावी. पुण्याचे पेशवे दप्तर मोडीतील रुमालांच्या रूपाने पडून होते. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध केले, तेव्हा अनेक घटनांची आणि कारभाराच्या रीतीची आधी ठाऊक नसलेली बाजू उजेडात आली. हे शक्य झाले, कारण मधल्या शतकभरात ते कागद कोणी रद्दीत घातले नव्हते. आपल्या आजच्या रुमालांना एवढेही भाग्य नाही. सर्व्हर बदलला की जुनी डिस्क भंगारात जाते, आणि तिच्याबरोबर पंचवीस वर्षांच्या कारभाराची रीतही.

यात इतके काय बिघडते, असे विचारणाऱ्यांसाठी एकच उदाहरण घेतो, पण ते सविस्तर घेतो.

टपाल खात्याची मासिक उत्पन्न योजना १९८७ पासून आहे. निवृत्त माणसे पैसे ठेवतात, दरमहा व्याज घेतात. या योजनेत मुदत संपताना मुद्दलावर दहा टक्के बोनस मिळत असे. १३ फेब्रुवारी २००६ पासून उघडलेल्या खात्यांना हा बोनस बंद झाला. पुढे ८ डिसेंबर २००७ पासून उघडलेल्या खात्यांना पाच टक्के बोनस पुन्हा सुरू झाला. १ डिसेंबर २०११ पासून तोही बंद झाला आणि त्याच दिवशी नव्या खात्यांची मुदत सहा वर्षांवरून पाच वर्षांवर आली. म्हणजे एकाच नावाच्या योजनेत, खाते कोणत्या दिवशी उघडले यावर अवलंबून, चार वेगवेगळे हिशेब.

आता अशा योजनेचा हिशेब करणाऱ्या कोणत्याही आज्ञावलीत काय असले पाहिजे ते पाहा. तिच्यात तीन तारखांच्या अटी असणार आणि त्यांच्या जवळपास कारण लिहिलेले नसणार, कारण कारण वित्त मंत्रालयाच्या अधिसूचनेत आहे. पाच टक्के बोनसाचे शेवटचे खाते नोव्हेंबर २०११ मधले, सहा वर्षांची मुदत धरून ते नोव्हेंबर २०१७ मध्ये संपले. २०२० नंतर एखादा तरुण अभियंता ही आज्ञावली पाहील, तर त्याला बोनसाचा भाग मृत वाटेल. महिनोन्‌महिने त्या ओळींकडे प्रणाली फिरकतच नाही. तो त्या नव्या प्रणालीत घेणार नाही, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. त्यानंतर एखाद्या दिवशी मयत खातेदाराचा मुलगा जुने पासबुक घेऊन खिडकीवर येतो. खाते २००८ सालचे, पैसे कधी काढलेलेच नाहीत. पाच टक्के बोनस हा त्याचा कायदेशीर हक्क आहे. प्रणाली म्हणते, असा काही बोनस नसतो. खिडकीवरचा कर्मचारी २०१९ साली लागलेला, त्यानेही कधी ऐकलेले नाही. पोस्टमास्तर म्हणतात, 'संगणकात दिसत नाही.' आपल्या देशात एवढ्या वाक्यावर अर्ज निकाली निघतो.

असेच दुसरे. बँकांच्या बचत खात्यांवर १ एप्रिल २०१० पासून दररोजच्या शिलकेवर व्याज मिळते. त्याआधी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर मिळत असे. टपाल खात्याच्या बचत खात्याला मात्र १० तारखेचा नियम २०१९ च्या योजनेतही आहे, आणि भविष्य निर्वाह निधीच्या पीपीएफ खात्याला तो ५ तारखेचा आहे. बचत खाते म्हणजे बचत खाते, असे समजून जो रचनाकार कामाला लागेल तो कोट्यवधी लोकांच्या व्याजात चूक करील, आणि चूक रुपया-दोन रुपयांची असल्यामुळे ती कोणाच्या लक्षातही येणार नाही.

यावर मला ठरलेले उत्तर मिळते. 'साहेब, जुन्या कार्यपद्धतीचा अहवाल सल्लागारांकडून करून घेतलेला आहे.' होय, तो असतो. सध्याची स्थिती या नावाचा तीनशे-चारशे पानांचा, रंगीत आकृत्यांचा तो ग्रंथ मी अनेकदा वाचला आहे. तो कसा तयार होतो हेही पाहिले आहे. दोन-तीन तरुण येतात, विभागातील अधीक्षकांना बोलते करतात, ते सांगतील ते टिपून घेतात. अधीक्षक काय सांगतात? नियमपुस्तिकेत काय आहे ते. परक्या माणसासमोर कोणता अधीक्षक म्हणेल की, नियम असा आहे, पण २००४ साली अमुक परिपत्रक आले तेव्हापासून संगणक वेगळेच करतो आणि आम्ही हाताने दुरुस्ती करतो?

एका कार्यालयाच्या खरेदी समितीवर मी सदस्य होतो. नाव सांगण्याची गरज नाही, अशी कार्यालये पुष्कळ आहेत. अहवालावर चर्चा चालू असताना मी विचारले की, आत्ता जी आज्ञावली चालू आहे ती कोणी उघडून पाहिली आहे काय? थोडा वेळ शांतता. मग कपाटातून एक सीडी काढण्यात आली, वर 'सोर्स कोड – अंतिम' असे पेनाने लिहिलेले. मी म्हटले, हिच्यापासून आज चालणारी प्रणाली इथे बांधून दाखवा. दोन आठवडे खटपट झाली. सीडीवरील आज्ञावली कित्येक आवृत्त्या मागची निघाली. चालू प्रणालीत अशी तक्त्यांची नावे होती, जी सीडीवर कुठेच नव्हती. पुरवठादाराची मूळ मंडळी केव्हाच सोडून गेली होती. म्हणजे त्या कार्यालयात दररोज जो कारभार होत होता, त्याचे नियम लिखित स्वरूपात भूतलावर कुठेही उपलब्ध नव्हते. ते फक्त एका चालू यंत्रात होते. आणि समितीची घाई काय, तर मार्चअखेरच्या आत ते यंत्र बंद करून नव्याची मागणी नोंदवायची.

मी सध्या म्हैसूरला, चामराजपुरमात राहतो. या शहराचा या विषयाशी असलेला संबंध बाहेर फारसा माहीत नाही. टपाल खात्याचे प्रशिक्षण केंद्र येथे नजरबाद भागात आहे. देशभरच्या टपाल कार्यालयांच्या खिडक्यांवर जी 'मेघदूत' नावाची प्रणाली अनेक वर्षे चालली, ती या म्हैसूरच्या केंद्रात, खात्याच्याच माणसांनी तयार केली होती. बचत बँकेच्या कामासाठी 'संचय पोस्ट' ही वेगळी प्रणाली होती. २०१२ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने टपाल खात्याच्या आधुनिकीकरणासाठी ४,९०९ कोटी रुपये मंजूर केले. बचत बँक इन्फोसिसच्या 'फिनॅकल'वर गेली, टपालाचे मुख्य काम टीसीएसने उभारलेल्या प्रणालीवर गेले. पुढच्या टप्प्यासाठी ५,७८५ कोटींची तरतूद झाली आणि या वेळी चक्र उलटे फिरले. म्हैसूरच्याच टपाल तंत्रज्ञान उत्कृष्टता केंद्राने, म्हणजे पुन्हा खात्याच्या माणसांनी, एपीटी ही नवी प्रणाली घडवली. मे-जून २०२५ मध्ये कर्नाटक परिमंडळात तिची चाचणी झाली आणि ४ ऑगस्ट २०२५ रोजी ती देशातील १.७० लाखाहून अधिक कार्यालयांत लागू झाली. ४.६ लाख कर्मचाऱ्यांना त्यासाठी प्रशिक्षण देण्यात आले. एका दिवसात ३२ लाख वस्तूंची नोंदणी आणि ३७ लाखांचे वाटप तिने पेलले.

मला या घटनेचा आनंद आहे, आणि तो केवळ शेजारधर्माचा नाही. ज्या खात्यात प्रणाली घडवणारी माणसे आहेत, त्या खात्यात 'हे असे का आहे' या प्रश्नाला निदान एक तरी माणूस उत्तर देऊ शकतो. परंतु माणसे निवृत्त होतात. मेघदूत ज्यांनी लिहिली त्या पिढीतील पुष्कळ जण आज निवृत्तिवेतन घेत असतील. एपीटीच्या कर्त्यांनी आजच, त्यांची स्मृती ताजी असताना, तिची रचना आणि प्रत्येक अटीमागील अधिसूचना लिहून ठेवली नाही, तर २०४० साली याच शहरात कोणी तरी तिचा उलगडा करत बसेल. सरकारी प्रणाली कालांतराने वारसाहक्काचीच होते, मग ती कोणीही बांधलेली असो.

टपालाचाच विषय निघाला आहे तर इंग्लंडातील टपाल खात्याकडे पाहू. तेथे १९९९ पासून फुजित्सु कंपनीची 'होरायझन' ही हिशेबाची प्रणाली लागू झाली. गावोगावच्या उप-पोस्टमास्तरांच्या हिशेबात तुटी दिसू लागल्या. ते सांगत होते, आम्ही पैसे घेतलेले नाहीत, यंत्र चुकते आहे. खाते म्हणत होते, यंत्र चुकत नाही. नऊशेहून अधिक लोकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली शिक्षा झाल्या. काही तुरुंगात गेले, काहींची घरे गेली, काहींनी जीव दिला. ॲलन बेट्स आणि त्यांच्यासह एकूण ५५५ जणांनी दावा लावला, तेव्हा कुठे न्यायालयासमोर ती प्रणाली उघडली गेली. डिसेंबर २०१९ मध्ये न्या. फ्रेझर यांनी निकाल दिला की, प्रणालीत दोष होते, त्यांमुळे हिशेबात तुटी दिसू शकत होत्या, आणि कंपनीचे लोक शाखेच्या हिशेबात दुरून बदल करू शकत होते. मे २०२४ मध्ये संसदेला कायदा करून शिक्षा एकगठ्ठा रद्द कराव्या लागल्या. वर्षानुवर्षे एका सुसंस्कृत देशाचे टपाल खाते आपल्याच माणसांवर खटले भरत राहिले, कारण आपली प्रणाली आतून कशी आहे हे समजून घेण्याची त्याला गरज वाटली नाही.

हे आपल्याकडे होणार नाही, असे म्हणण्यापूर्वी आपला पुरावा कायदा आठवावा. जुन्या कायद्याच्या कलम ६५ ब नुसार संगणकीय नोंद न्यायालयात दाखल करताना प्रमाणपत्र लागे, आणि संबंधित काळात संगणक योग्य रीतीने चालू होता हीही एक अट होती. हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल या, आपल्या जालन्याच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या प्रकरणात स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्र आहे, आणि त्यात आता तज्ज्ञाचाही भाग आहे. न्यायालयाने आपले काम केले. प्रश्न सही करणाऱ्याचा आहे. ज्या अधिकाऱ्याकडे प्रणालीचा नकाशा नाही, चालू आवृत्तीची आज्ञावली नाही, दुरून कोण काय बदलू शकतो याची यादी नाही, तो 'संगणक योग्य रीतीने चालू होता' याखाली कोणत्या आधारावर सही करतो? आम्ही सगळे करतो. छापील मसुदा असतो, खाली शिक्का असतो.

थोडे अर्थशास्त्र सांगतो, कारण त्यातच माझे शिक्षण झाले आहे. ऑलिव्हर विल्यमसन यांना २००९ साली नोबेल मिळाले, त्यांच्या विवेचनात एक मुद्दा असा आहे की, करार होण्यापूर्वी बाजारात अनेक विक्रेते असतात, पण एकदा विशिष्ट कामासाठी विशिष्ट गुंतवणूक झाली की ग्राहक आणि विक्रेता हे दोघेच एकमेकांसमोर उरतात. निविदेतील स्पर्धा पहिल्या दिवशी संपते. त्यानंतर किंमत कोण ठरवतो? ज्याच्याजवळ माहिती असते तो. प्रणालीची रचना फक्त पुरवठादाराला ठाऊक असेल, तर देखभालीच्या प्रत्येक नूतनीकरणात सरकार डोळ्यांवर पट्टी बांधून वाटाघाटीला बसते. उलगडलेला नकाशा हाती असणे म्हणजे दुसऱ्या विक्रेत्याला बोलावण्याची ताकद असणे. तिची किंमत नकाशा काढण्याच्या खर्चाहून किती तरी पट अधिक असते. ही बाब मंजुरीच्या टिप्पणीत कोणी मांडत नाही, कारण आपल्या रोखीच्या हिशेबपद्धतीत ज्ञान ही मालमत्ता धरली जात नाही. सामान्य वित्तीय नियमांनुसार स्थावर-जंगम मालमत्तेची प्रत्यक्ष पडताळणी वर्षातून किमान एकदा झाली पाहिजे. त्यामुळे माझ्या कार्यालयातील प्रत्येक खुर्चीवर रंगाने क्रमांक घातलेला आहे आणि दर वर्षी एक लिपिक त्या मोजतो. कोट्यवधींच्या आज्ञावलीची मोजणी कोणी, कधी केली?

कायदा आड येतो, असेही सांगितले जाते. येत नाही. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर शासकीय कृतीचा पहिला मालक शासन असते, आणि शासनाच्या निर्देशाखाली किंवा नियंत्रणाखाली झालेली कृती शासकीय कृतीच्या व्याख्येत बसते. विकत घेतलेल्या तयार सॉफ्टवेअरची गोष्ट वेगळी. पण तेथेही कलम ५२ मध्ये १९९९ च्या दुरुस्तीने स्पष्ट सवलती आल्या. कायदेशीर ताबा असणाऱ्याने दुसऱ्या प्रणालीशी जुळवून घेण्यासाठी लागणारी, अन्यथा सहज न मिळणारी माहिती काढणे आणि आज्ञावली वापरत असताना तिच्यामागील कल्पना व तत्त्वे समजून घेण्यासाठी तिचे निरीक्षण, अभ्यास व चाचणी करणे, हा प्रताधिकाराचा भंग नाही. संसदेने हा हक्क देऊन पंचवीस वर्षे उलटली. आपल्या कचेऱ्यांनी तो वापरलेला मला क्वचितच दिसला. उलट, करारात मालकी पुरवठादाराकडे देणारे कलम आम्हीच सही करून घालतो, आणि मग हात वर करतो. केंद्राने २०१५ साली शासकीय आज्ञावलींचा सोर्स कोड खुला करण्याचे धोरणही जाहीर केलेले आहे.

माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ तर याहून पुढे जाते. कर्तव्ये पार पाडताना कर्मचारी जे नियम, सूचना, नियमपुस्तिका वापरतात त्या सार्वजनिक प्राधिकरणाने आपणहून प्रसिद्ध करायच्या आहेत. माझ्या मते, ज्या कचेरीत व्याज किंवा पात्रता आज्ञावली ठरवते, त्या कचेरीची नियमपुस्तिका ती आज्ञावलीच आहे. संकेतस्थळावर टाकलेले पीडीएफ ही तिची जुनी, अपुरी प्रत.

सर्वांत खेदाची बाब पुढे आहे. हे काम करण्याची विद्या आपल्याकडे नाही असे कोणी म्हणूच शकत नाही. फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने १९८१ साली पुण्यात टाटा संशोधन, विकास व रचना केंद्र सुरू झाले आणि आज्ञावली यंत्राने वाचून तिचे विश्लेषण करणारी साधने तेथे तयार होत आली. २००० सालाचे दोन आकडी वर्षांचे संकट आले, तेव्हा अमेरिकेतील व युरोपातील बँकांच्या, विमा कंपन्यांच्या कोबोल भाषेतील जुनाट आज्ञावली ओळीन्‌ओळ वाचून काढल्या त्या आपल्या मुलांनी, मुंबई-पुणे-चेन्नई-बेंगळुरूत बसून. परक्यांचे वाडे आपण मोजून दिले, नकाशे काढून दिले, त्यावर एक उद्योग उभा राहिला. आपल्या स्वतःच्या तहसीलची, कोषागाराची, टपाल कार्यालयाची आज्ञावली वाचायला मात्र आपल्याला माणूस मिळत नाही. वाचण्याच्या कामाला निविदेत रक्कमच नसते, हे त्याचे खरे कारण.

पद्धतही नवी नाही. मर्फी, नॉटकिन आणि सलिव्हन यांनी १९९५ साली एक साधी युक्ती मांडली. प्रथम जाणकारांनी प्रणाली कशी आहे असे त्यांना वाटते ते कागदावर काढायचे. नंतर आज्ञावलीतून यंत्राने प्रत्यक्ष संबंध काढायचे. मग दोन्ही चित्रे एकमेकांवर ठेवायची. कुठे जुळते, कुठे कागदावर नसलेला संबंध प्रत्यक्षात आहे, कुठे कागदावरचा संबंध प्रत्यक्षात नाही. मायक्रोसॉफ्टच्या एका अभियंत्याने दहा लाखांहून अधिक ओळींच्या एक्सेलवर ती वापरली. १९९९ साली कॅनडातील संशोधकांनी लिनक्सची रचना अशीच काढली, तेव्हा कागदी रचनेत नसलेले कितीतरी संबंध प्रत्यक्षात निघाले. मला प्रशासक म्हणून या न जुळणाऱ्या जागांत विशेष रस आहे. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ साली म्हटले होते की, संस्था आपल्या अंतर्गत संपर्काच्या साच्यातच प्रणाली घडवतात. ते खरे असेल तर आज्ञावलीतून निघालेला नकाशा हा कार्यालयाच्या खऱ्या रचनेचाही नकाशा असतो. बरखास्त झालेल्या शाखेची मंजुरी अजून कुठे लागते, कोणत्या पदाला नियमाबाहेरचा अधिकार मिळाला आहे, हे त्यात दिसते. हा नकाशा काढायला विरोध का होतो, याचे एक कारण मला यातच दिसते.

अलीकडे एक नवे उत्तर ऐकू येते: 'आता कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, ती एका दुपारी सगळे वाचून सांगेल.' वाचील, यात शंका नाही. जुनी कोबोल किंवा व्हिज्युअल बेसिक आज्ञावली समजावून सांगण्यात ही साधने खरोखर उपयोगी आहेत, त्यांनी कामाचा खर्च उतरला असेल तर न करण्याची सबब आणखी लंगडी झाली. पण त्यासाठी चालू आवृत्तीची आज्ञावली हाती हवी. कपाटातील सीडी वाचून यंत्र अतिशय सुबक भाषेत चुकीचा नकाशा काढून देईल. शिवाय ते सांगेल की १३ फेब्रुवारी २००६ या तारखेला अट बदलते. का बदलते, ती अट आजही कोणा वारसाला लागू आहे का, तिचा आधार अधिसूचना आहे की कोण्या अवर सचिवाचा दूरध्वनी, हे आज्ञावलीत लिहिलेलेच नसेल तर यंत्र कुठून आणणार? तेथे फाईल काढून आणणारा माणूसच लागतो, आणि निवृत्त लेखापालाच्या घरी जाऊन चहा घेत बसणारा.

खर्चाचा आक्षेप मी गंभीरपणे घेत नाही. जो विभाग रंगीत आकृत्यांच्या अहवालासाठी पैसे देतो, त्याने तेच पैसे आज्ञावली उघडण्यासाठी द्यावेत. वेळेचा आक्षेप खरा आहे. हे काम मार्चअखेरच्या आत होत नाही. ते जुनी प्रणाली धडधाकट असताना, कोणतीही निविदा नजरेसमोर नसताना करायचे असते, जशी पैमाशी वादापूर्वी करायची असते.

नियम होईल तेव्हा होईल. तोवर माझ्या सहमतीसाठी जो प्रस्ताव येतो, त्यावर मी तीन प्रश्न लिहून फाईल परत करतो. चालू प्रणाली तुमच्याजवळच्या आज्ञावलीतून तुमच्यासमोर बांधून पाहिली आहे काय, आणि कोणत्या तारखेस? आज्ञावलीतील कोणत्या अटींना लेखी आदेशाचा आधार सापडला नाही, त्यांची यादी कुठे आहे? जे भाग नव्या प्रणालीत घेणार नाही, त्यांवर अवलंबून असलेला एकही खातेदार, निवृत्तिवेतनधारक किंवा वारस उरलेला नाही, हे कोणी तपासले? गेल्या वर्षभरात असे चार प्रस्ताव परत पाठवले. दोन विभागांनी वरिष्ठांकडे माझी तक्रार केली, एकाने अजून उत्तर दिलेले नाही. एक फाईल मात्र सात महिन्यांनी परत आली. तिच्यासोबत आधार न सापडलेल्या एकेचाळीस अटींची यादी जोडलेली होती, आणि निविदेची रक्कम पूर्वीपेक्षा कमी होती.